केतेवान राणी आणि आमच्या सॅक्रिस्टीतील कपाट

जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्याचे छायाचित्र आज एका परिचितांनी टाकले आणि खाली लिहिले की तेथील राणीचे अवशेष 'विज्ञानाने शोधून काढले'. ते वाक्य दिवसभर टोचते आहे.

जॉर्जियातील काखेतीची राणी केतेवान हिने धर्म सोडण्यास नकार दिला, म्हणून १६२४ साली इराणचा बादशहा शाह अब्बास याच्या आज्ञेने शिराझमध्ये तिला हालहाल करून मारण्यात आले. ऑगस्टिनियन या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी तिचे अवशेष मिळवले. त्यांतील काही तिच्या मुलाकडे गेले आणि काही १६२७ मध्ये गोव्यातील याच सेंट ऑगस्टीन मठात आले. पुढे पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केले, १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि राणी ढिगाऱ्याखाली गेली. तरीही २००४ साली पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात हाड हाती लागले, कारण एका जुन्या पोर्तुगीज नोंदीत जागा लिहिलेली होती: चॅपलमधील दुसरी खिडकी, दगडी पेटी. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए तपासून जॉर्जियाशी नाते दाखवले, हे मान्य. पण त्या ढिगाऱ्यात इतरांचीही हाडे होती. नोंदच नसती, तर राणीला शोधायला तेथे कोण गेले असते?

हे मी चिडून लिहितो आहे, कारण वसईकडच्या आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) याच्या उलट घडलेले मी पाहिले आहे. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे चर्चमधील पूजासाहित्याच्या खोलीच्या, कपाटात काचेच्या झाकणाची एक लहान डबी असे. ती खोली सांभाळणारे सॅक्रिस्टन काका ती डबी सणाला वेदीवर ठेवत आणि आतील अवशेष कोणत्या संताचे, ते आम्हा मुलांना सांगत. काका वारले, चर्चचे नूतनीकरण झाले आणि डबी मेणबत्त्यांच्या खोक्यात जाऊन पडली. मी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "कागद नाही, मग वेदीवर कशी ठेवणार?"

नियम म्हणून ते बरोबर आहे. अवशेषाबरोबर मोहर आणि बिशपांचे प्रमाणपत्र हवे. नाहीतर उद्या कोणीही कोणतेही हाड आणून ठेवील. परंतु तो कागद सांभाळणे कोणाचे काम होते? रंग, फरशी, ध्वनिक्षेपक यांच्या पावत्या आमच्याकडे जपून ठेवलेल्या आहेत! काकांच्या तोंडून आम्ही इतकी वर्षे ऐकले, आणि एकानेही वहीत एक ओळ लिहिली नाही. आज आम्हा भावंडांत त्या संताच्या नावावर एकमत होत नाही.

राग कोणा एकावर नाही. मठ सोडून जाणाऱ्यांची ती घाईची घडी मी समजू शकतो. आम्हाला मात्र कोणी हाकलले नव्हते.

२०२१ च्या जुलैत परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी केतेवानचे अवशेष तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केले. ती दृश्ये पाहताना मला भरून आले आणि लगेच ती डबी आठवली. ज्यांच्या धर्मग्रामात जुने सॅक्रिस्टन अजून हयात आहेत, त्यांनी कृपा करून येत्या रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधील उपासनेनंतर) त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे.