बाली जुलैत उघडायला हवं होतं का? एका कमेंटला लांबलचक उत्तर

दादा, तुमची कमेंट ऐन दसऱ्याला आली. घरी सोनं द्यायला माणसं येऊन राहिली होती, त्यामुळे तेव्हा फक्त वाचून ठेवली आणि आज निवांत उत्तर लिहायला बसले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १४ ऑक्टोबर २०२१ ला इंडोनेशियाचं बाली बेट कोरोनात बंद राहिल्यावर फॉरेनच्या टुरिस्टसाठी उघडलं, १९ देशांची यादी आली आणि त्यात आपला भारतही होता, त्यावर मी लिहिलं होतं की उशीर झाला तो बरंच झालं, ठरवलं होतं तसं जुलैत उघडलं असतं तर घात झाला असता. त्यावर तुम्ही म्हणता, नागपुरात पगारावर बसून दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला काय जातं, मालदीवनं जुलै २०२० मध्येच उघडलं आणि ते मजेत आहेत, कोरोनानं नाही तेवढी माणसं उपाशी राहून मरतील, आणि तुमचा तो बालीचा ड्रायव्हर, ज्याचं एवढं कौतुक लिहिता, त्याला एकदा विचारून तर बघा.

विचारलं. त्यानं काय सांगितलं ते पुढे येतंच.

आधी पगाराचं. दादा, मला पगार नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ प्रतापनगरला टूर्सचं छोटं ऑफिस चालवतो, बाली, थायलंड, अंदमान, दुबई असे वर्षाला पंधरा-वीस ग्रुप जायचे, आणि मार्च २०२० नंतर आमचा एकही ग्रुप बाहेर गेलेला नाही. एका एअरलाइननं बावीस जणांच्या तिकिटांचे पैसे परत न करता क्रेडिट म्हणून अडकवून ठेवले, आणि त्या बावीस जणांना आम्ही आमच्या खिशातून परत केले कारण ते सगळे आजूबाजूचेच, रोज तोंड दाखवायचं असतं. भाऊ वर्षभरापासून टिफिन पोचवून राहिला, वहिनीनं थंडीत सांबारवडीच्या ऑर्डरी घेतल्या. म्हणजे बाली उघडलं तर पहिला फायदा आमचाच आहे, आणि तरीही मी जुलैत नको होतं म्हणते, ते का हे नीट सांगते, कारण मागच्या वेळी बहुतेक मी ते नीट सांगितलंच नाही.

एप्रिल २०२१ ची गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात तेव्हा रोजचे पेशंट सात हजारांच्या वर गेले होते. मानेवाड्याच्या मामांचं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन संध्याकाळी ८१ दाखवत होतं. एका दवाखान्यानं फोनवर बेड आहे सांगितलं, आम्ही पोचलो तर गेटवरूनच परत पाठवलं, दुसरीकडे बाहेर बाकड्यावर ऑक्सिजन लावलेली माणसं बसली होती. रात्री साडेअकराला भावाच्या ओळखीनं अमरावतीला बेड मिळाला, मग व्हॅन, एक मोठा सिलेंडर, मागे मामा आणि मी. सिलेंडरला ती पाण्याची छोटी बाटली असते ना, तिच्यात बुडबुडे येत राहतात, तोवर ऑक्सिजन चालू आहे असं समजायचं. मी दीडशे किलोमीटर त्या बाटलीवर मोबाइलचा टॉर्च धरून बसले होते. कोंढाळीच्या पुढे बुडबुडे मंद झाले तेव्हा माझ्या पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, नॉब चेक केला, नळी कुठेतरी दबली होती ती मोकळी केली आणि बुडबुडे पुन्हा सुरू झाले. पहाटे तीनला पोचलो. मामा एकोणीस दिवसांनी घरी आले, आज ठीक आहेत.

हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये. सांगते अशासाठी की मामा वाचले ते रस्त्यामुळे. नागपुरात बेड नव्हता तर अमरावती होती, सेवाग्राम होतं, तिकडे चंद्रपूरची माणसं बेडसाठी तेलंगणात जाऊन राहिली होती. आणि २३ एप्रिलच्या रात्री विझागहून, म्हणजे विशाखापट्टणमहून, रेल्वेनं ऑक्सिजनचे टँकर आले, त्यातले तीन आपल्या नागपुरात उतरले, बाकीचे नाशिकला गेले. आपण देशाच्या मधोमध बसलोय, चारही दिशांना रस्ता आणि रूळ आहेत, तरीही आपली ती गत झाली.

आता हीच रात्र बालीत धरा. बेटावर माणसं ४३ लाखांच्या आसपास. तिथली राजधानी डेनपसार, तिथले दवाखाने भरले तर गाडी कुठे न्यायची? पश्चिमेच्या टोकाला गिलिमानुकला जायचं, तिथून फेरीत चढायचं, समोर जावा, इंडोनेशियाचं मुख्य बेट. आणि जुलैत जावाची अवस्था काय होती? इंडोनेशियात रोजचे पेशंट ५० हजारांच्या वर गेले होते, ३ जुलैपासून जावा आणि बालीवर कडक निर्बंध लागले होते आणि जावाच्या दवाखान्यांत ऑक्सिजन संपून माणसं गेली. त्याच महिन्यात आपल्या नेव्हीचं ऐरावत जहाज १०० टन लिक्विड ऑक्सिजन आणि हवेतून ऑक्सिजन काढायच्या ३०० मशीन (कॉन्सन्ट्रेटर) घेऊन २४ जुलैला जकार्ताला पोचलं. तीन महिन्यांपूर्वी आपण विझागच्या गाडीची वाट पाहत होतो म्हणून ती बातमी वाचताना मला अक्षरशः भरून आलं. आणि ऑगस्टमध्ये तर खुद्द बालीत रोज हजाराच्या वर पेशंट निघत होते. म्हणजे जुलैत फॉरेनच्या लोकांना बोलावलं असतं तर ते नेमके या सगळ्याच्या मध्ये उतरले असते. कोणी व्हायरस आणला असता की नसता हा मुद्दाच बाजूला ठेवा, त्यातले चार जण आजारी पडले असते तरी ते चार बेड कोणाचे गेले असते?

शिवाय बाली पूर्ण बंद होतं हेही खरं नाही. इंडोनेशियातल्या टुरिस्टसाठी ते ३१ जुलै २०२० लाच उघडलं होतं, फॉरेनसाठी ११ सप्टेंबर ठरली होती ती रद्द झाली. मे २०२१ मध्ये तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांना बालीत राहून काम करा म्हणून पाठवायची स्कीमसुद्धा काढली होती. तारीख आधी ठरवायची आणि मग परिस्थिती तिच्यात बसवायची, हे त्यांनी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तारीख मागे घ्यावी लागली. हॉटेलवाल्यांनी त्या तारखांच्या भरवशावर माणसं बोलावून ठेवलेली असतात, त्यांना पुन्हा घरी पाठवताना काय होतं ते आम्ही धंद्यातली माणसं ओळखतो.

मालदीवचं तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. त्यांनी १५ जुलै २०२० ला उघडलं, सुरुवातीला तर टेस्टही मागत नव्हते, सप्टेंबरपासून मागायला लागले, आणि त्यांचं बऱ्यापैकी जमलं. पण का जमलं? तिथे एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. टुरिस्ट एअरपोर्टवरून बोटीत किंवा सी-प्लेनमध्ये बसतो आणि थेट रिसॉर्टवर उतरतो, गावातल्या माणसाशी त्याची गाठच पडत नाही. बालीत टुरिस्ट राहतो उबुदसारख्या गावाच्या गल्लीत, शेजारी घर, समोर देऊळ, सकाळी बाई नैवेद्याची परडी ठेवते ती त्याच्या पायरीजवळच. तिथे वेगळं बेट कुठून आणणार? आणि मजेत म्हणाल तर मे २०२१ मध्ये मालदीवमध्ये रोज दीड-दोन हजार पेशंट निघाले, सगळ्या देशाची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास असताना. १३ मेपासून त्यांनी आपल्यासकट साऊथ एशियाच्या टुरिस्टना येणं बंद केलं ते १५ जुलैला उघडलं. त्या लाटेला तिथल्या निवडणुका आणि रमजानच्या गाठीभेटी पण कारण होत्या, सगळं टुरिस्टवर ढकलणं चूक आहे, हे मीच सांगते. पण उघडलं आणि काही झालं नाही, असं नाहीये.

लक्षद्वीप घ्या, आपलंच आहे. ६४ हजार वस्ती. सगळ्या देशात हाहाकार चालू असताना २०२० च्या अख्ख्या वर्षात तिथे एकही पेशंट नव्हता, कारण कोचीला क्वारंटाइन झाल्याशिवाय जहाजात चढूच देत नव्हते. डिसेंबरमध्ये नियम ढिला केला, नुसता निगेटिव्ह रिपोर्ट चालेल म्हणाले. १८ जानेवारीला पहिली केस सापडली, आणि मे संपेपर्यंत सहा हजारांच्या वर. तिथला सिरीयस पेशंट हेलिकॉप्टरनं कोचीला आणावा लागतो. किती जणांना आणणार हेलिकॉप्टरनं?

मग कधी उघडायचं, हे तुम्ही शेवटी विचारलंय. तारखेचं उत्तर माझ्याजवळ नाही, अटींचं आहे. तिथल्या माणसांना लस आधी, म्हणजे हॉटेलच्या स्टाफपुरती नाही तर त्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांनासुद्धा. दवाखान्यात गावातली माणसं धरून वर बेड शिल्लक. ऑक्सिजनचा साठा बेटावरच. आणि पुन्हा बंद करायची वेळ आली तर कशावरून बंद करणार तो आकडा उघडायच्या आधीच लिहून ठेवलेला. थायलंडच्या फुकेत बेटानं बऱ्याच अंशी हे केलं. १ जुलै २०२१ ला उघडण्याआधी तिथल्या ७० टक्के लोकांना लस द्यायचं टार्गेट ठेवलं, येणाऱ्याला दोन्ही डोस आणि थायलंडमध्ये पुढे जायचं तर आधी बेटावर १४ रात्री कम्पल्सरी, आठवड्याला ९० च्या वर नवे पेशंट गेले तर फेरविचार करायचा हेही आधीच ठरवलं. पहिल्या महिन्यात १४ हजारांच्या आसपास टुरिस्ट गेले. तरी ९० चा आकडा ओलांडल्यावरही ते चालूच ठेवलं, आणि ३ ऑगस्टपासून थायलंडच्याच दुसऱ्या भागातल्या लोकांना फुकेतमध्ये यायला बंदी आणि फॉरेनरना परवानगी असा प्रकार झाला, ते मला पटलं नाही, घरच्या माणसाला दार बंद आणि पाहुण्याला उघडं. आणि फुकेतला पूल आहे दादा, गाडी काढली की मेनलँड. बालीला नाही.

बालीत ऑक्टोबर २०२१ पर्यंत मोठ्या माणसांमध्ये दोन्ही डोस झालेल्यांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं, पेशंट कमी झाले होते. म्हणून ऑक्टोबरात उघडलं त्याच्या मी विरोधात नाही, हे मागच्या पोस्टमध्येही होतं, तुमच्या नजरेतून सुटलं असेल.

आता उपासमारीचं. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. मागच्या पोस्टमध्ये मी लस, बेड, ऑक्सिजन सगळं लिहिलं आणि लोकांनी दीड वर्ष खायचं काय यावर एक ओळ नव्हती. ती चूकच. बालीची निम्म्याहून जास्त कमाई टुरिझमवर, २०१९ मध्ये ६० लाखांच्या वर फॉरेनर आले होते, आणि २०२० मध्ये तिथली इकॉनॉमी ९ टक्क्यांच्या वर आकसली. आमच्या ड्रायव्हरचं सांगते. २०१६ पासून आमचे सगळे ग्रुप त्याच्याच गाडीतून फिरले, मला तो इबू म्हणतो, म्हणजे आपल्याकडे ताई म्हणतो तसं. २०२० मध्ये तो बायकामुलांना घेऊन लेम्बोंगान नावाच्या छोट्या बेटावर सासुरवाडीला गेला आणि सगळे मिळून समुद्री शेवाळाची शेती करायला लागले, जी त्याच्या सासऱ्यानं टुरिस्ट यायला लागल्यावर सोडून दिली होती. दोरीला शेवाळाचे तुकडे बांधायचे, ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात उभं राहून दोऱ्या लावायच्या, नंतर काढून ताडपत्रीवर वाळवायचं. त्यानं हातांचा फोटो पाठवला होता, बोटांची टोकं खाऱ्या पाण्यानं पांढरी पडून सोललेली. गाडीच्या हप्त्याला काही महिने सूट मिळाली, मग हप्ते परत सुरू, व्याजासकट.

तुम्ही म्हणालात म्हणून त्याला परवा फोन केला आणि सरळ विचारलं, जुलैत उघडायला हवं होतं का. तो आधी बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला की जुलैत सासूला श्वास लागला तेव्हा तिला स्पीडबोटीत आडवी टाकून बालीच्या किनाऱ्यावर सानूरला आणली, अर्धा तास, लाटा उंच होत्या, आणि सानूरहून दोन दवाखाने फिरल्यावर तिसऱ्यात जागा मिळाली. पाहुणे यावेत असं त्याला रोज वाटतं, पण त्या दिवशी तिसऱ्या दवाखान्यातली ती जागा एखाद्या पाहुण्याला गेली असती तर, एवढंच बोलला. आणि हप्त्याचं म्हणाला. त्याचा राग बंद दारावर नाहीये दादा, बँकेवर आहे. दार बंद ठेवायला सरकारनं सांगितलं तर हप्ताही सरकारनं थांबवावा, असं त्याचं म्हणणं, आणि माझंही आता तेच आहे.

१४ ऑक्टोबर ही तारीख आपण नागपूरकर तर विसरूच शकत नाही, १९५६ साली बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली ती तारीख. २०२० मध्ये दीक्षाभूमीवरचा सोहळा झाला नाही. लाखो लोकांची श्रद्धा, आणि त्यांच्यावर वर्षाची कमाई अवलंबून असलेले पुस्तकांचे, मूर्तींचे, कॅलेंडरचे शेकडो स्टॉलवाले, तरी लोकांनी ऐकलं, घरीच वंदना केली. त्या स्टॉलवाल्यांच्या हातावर त्या वर्षी कोणी काय ठेवलं, हा प्रश्न मात्र तेव्हाही कोणी नीट विचारला नाही, मीही नाही.

शेवटचं, तुम्ही टोमणा म्हणून विचारलं असेल तरी खरंच उत्तर देते, पहिला ग्रुप कधी नेणार. आत्ता नाही. ऑक्टोबर २०२१ मधली परिस्थिती अशी: पाच दिवस क्वारंटाइन स्वतःच्या खर्चानं, एक लाख डॉलरचं इन्शुरन्स, डायरेक्ट फ्लाइट नाही, आपली टूर असते सात रात्रींची, त्यातल्या पाच खोलीत जाणार. डिसेंबरसाठी दोन फॅमिलींनी विचारलं होतं त्यांना मी नाही म्हणून कळवलं, ॲडव्हान्स घेतला नाही. क्वारंटाइन उठलं की पुन्हा बघू. ड्रायव्हरलाही हे कालच सांगितलं. तो म्हणाला चालेल, शेवाळाची पुढची तोडणी तशीही नोव्हेंबरात आहे.