अल्पसंख्याकांना जागा द्यावी, पण बेताने

बहुमत आपलंच आहे आणि तेवढ्यात अल्पसंख्याक मंडळी 'सभागृहात आमचाही माणूस हवा' म्हणू लागली, तर बिचकू नका. नकार तर मुळीच देऊ नका. नकाराने माणूस चिडतो, जागेने निवतो.

फक्त जागा देताना आकडा गोठवून टाका. न्यूझीलंडने १८६७ मध्ये माओरींसाठी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, संसदेत चार जागा ठेवल्या. लोकसंख्येच्या हिशेबाने त्या निदान चौदा हव्या होत्या. व्यवस्था म्हणे पाच वर्षांपुरती होती. चाराचा आकडा मात्र १९९६ च्या निवडणुकीपर्यंत जागचा हलला नाही! मग तिथल्या लोकांना दुर्बुद्धी झाली. मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत आणली, माओरी मतदारयादीत नावं वाढतील तशा जागा वाढू दिल्या, आणि आता त्या सात आहेत. कायद्यात 'प्रमाणात' हा शब्द शिरू दिला की असं होतं.

शिरलाच, तर उंबरठा उंच करा, म्हणजे जागा मिळायला पक्षाला लागणारी किमान मतं वाढवा. तुर्कस्तानात २०२२ पर्यंत तो १० टक्के होता. २००२ मध्ये सुमारे ४५ टक्के मतं अशा पक्षांना पडली की ज्यांच्या वाट्याला एकही खुर्ची आली नाही. पुढे २००७ मध्ये तिथल्या कुर्द अल्पसंख्याकांचे उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहिले आणि आत शिरले, कारण अपक्षांना उंबरठाच नव्हता. अशा फटी आधी बुजवाव्यात. जर्मनीचा कित्ता तर चुकूनही गिरवू नका: तिथे राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या पक्षांना ५ टक्क्यांची अट माफ आहे, आणि २०२१ मध्ये डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाचा एक खासदार खरंच निवडून आला.

मतदारसंघांच्या सीमा आखणं तुमच्याच हाती असेल, तर जास्त काय सांगायचं? वस्ती एकवटलेली असली तर चार ठिकाणी वाटा. फारच मोठी असली तर सगळी एकाच मतदारसंघात कोंबा.

पण खरी मेख मतदार कोण यात आहे. १९३२ च्या पुणे करारात दलितांच्या प्रांतिक जागा जवळपास दुप्पट होऊन १४८ झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ मात्र गेले. उमेदवार त्यांचा, अंतिम कौल सर्वांचा. आणि 'सर्वांत' जास्त कोण, हे तुम्हाला सांगायला नको. अशा प्रतिनिधीला फोटोत मधोमध उभं करा, भाषणाची दोन मिनिटंही द्या. त्याच्याच समाजातल्या कुणी विचारलं, 'हा आमचा की तुमचा?', तर हसून सांगा, 'सगळ्यांचा!'