‘डी’च्या डोक्यावरचा दोन म्हणजे वर्ग नव्हे

रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला : ‘मावशी, हे बरोबर आहे का गं? उद्या पेपर आहे.’ खाली एक फॉरवर्ड, ‘सेकंड डेरिव्हेटिव्ह चार ओळींत’. डेरिव्हेटिव्ह म्हणजे एखादी गोष्ट किती दराने बदलते ते, जसा अंतराचा वेग; तेच पुन्हा एकदा काढलं की सेकंड डेरिव्हेटिव्ह, जो ‘डी टू वाय बाय डी एक्स स्क्वेअर’ (d²y/dx²) असा लिहितात. तिच्या वर्गातल्या सगळ्यांना हा फॉरवर्ड आला होता. त्यातल्या चारही ओळी चुकीच्या आहेत, आणि पहिली तर संतापजनक आहे.

ती अशी : ‘फर्स्ट डेरिव्हेटिव्हचा वर्ग केला की सेकंड डेरिव्हेटिव्ह मिळतो, म्हणूनच वर दोन लिहितात.’

हे लिहिणाऱ्याने एकदा तरी करून पाहायचं होतं. क्षचा घन घ्या. पहिला डेरिव्हेटिव्ह ३ क्ष-वर्ग, त्याचा वर्ग ९ क्ष-चतुर्थ. खरा सेकंड डेरिव्हेटिव्ह ६ क्ष. दोन्हींचा काही संबंध आहे का? किंवा सरळ रस्त्यावर सेकंदाला २० मीटर या एकाच वेगाने जाणारी गाडी घ्या. वेग बदलत नाही, म्हणजे त्वरण (वेग बदलण्याचा दर, अर्थात अंतराचा सेकंड डेरिव्हेटिव्ह) शून्य. फॉरवर्डप्रमाणे ते ४०० यायला हवं.

मग तो दोन कशाचा? क्रिया किती वेळा केली, त्याचा. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात मांडलेला नियम यासाठी पुरेसा आहे : स्थिर अवस्थेतून पडणारी वस्तू एकामागून एक येणाऱ्या समान कालखंडांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते. म्हणजे एकूण अंतर १, ४, ९, १६. या एकूण अंतरांतले फरक ३, ५, ७. त्या फरकांतले फरक २, २. अंतर वाढतंय, वेग वाढतोय, पण वेगाची वाढ कायम आहे. हीच सेकंड डेरिव्हेटिव्हची कल्पना : बदलाचा बदल. कॅल्क्युलसच्या जनकांपैकी एक, लायब्निझ, ‘डी डी वाय’ असं दोनदा ‘डी’ लिहायचा, फरकाचा फरक म्हणून. आपण त्याचंच ‘डी टू वाय’ करतो. खाली मात्र ‘डी एक्स’ने दोनदा भागलेलं असतं, म्हणून तिथला वर्ग खरा वर्ग आहे. वर वायचा वर्ग नाहीच. एककं पाहा : त्वरण मीटर प्रति सेकंद-वर्ग. सेकंदाचा वर्ग आहे, मीटरचा नाही. वेगाचा वर्ग केला तर मीटरचाही वर्ग होतो. न्यूटनच्या पद्धतीत अक्षरावर दोन टिंबं देतात, शिकताना आपण ‘एफ डबल डॅश’ म्हणतो; तिथे कुणाला वर्ग आठवत नाही.

दुसरी ओळ : ‘हा साधा अपूर्णांक आहे, काटछाट चालते.’ यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. पहिल्या डेरिव्हेटिव्हमध्ये साखळी नियम (वाय एक्सवर आणि एक्स टीवर अवलंबून असेल, तर दोन्ही दरांचा गुणाकार) लावताना मधलं ‘डी एक्स’ कटल्यासारखं वागतं आणि उत्तर बरोबर येतं. पण दुसऱ्या पायरीवर हे मोडतं. वाय म्हणजे एक्सचा वर्ग आणि एक्स म्हणजे टीचा वर्ग असं धरा. मग वाय म्हणजे टी-चतुर्थ, आणि टीच्या संदर्भात सेकंड डेरिव्हेटिव्ह १२ टी-वर्ग. काटछाटीच्या भरवशावर ‘डी टू वाय बाय डी एक्स स्क्वेअर’ला ‘डी एक्स बाय डी टी’च्या वर्गाने गुणलं तर २ गुणिले ४ टी-वर्ग, म्हणजे ८ टी-वर्ग येतात. उरलेले ४ टी-वर्ग एक्सच्या स्वतःच्या त्वरणातून येतात, आणि काटछाटीत तेच हरवतात. पेपरात इथे मार्क जातात.

तिसरी : ‘वेग शून्य तिथे त्वरण शून्य.’ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर शून्य वेगाचा असतो. हवेचा विरोध सोडला तर त्वरण तिथेही खालच्या दिशेने ९.८ मीटर प्रति सेकंद-वर्गच, जसं चढताना होतं आणि उतरताना असेल. वेगाची दिशा नेमकी तिथेच उलटते, आणि ती उलटते त्वरणामुळेच.

चौथी : ‘सेकंड डेरिव्हेटिव्ह शून्य म्हणजे इन्फ्लेक्शन पॉइंट.’ म्हणजे वक्राचा बाक जिथे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळतो तो बिंदू. क्ष-चतुर्थचा सेकंड डेरिव्हेटिव्ह १२ क्ष-वर्ग, क्ष शून्यला तो शून्य, पण दोन्ही बाजूंना धनच. तिथे वक्राचा तळ आहे, इन्फ्लेक्शन नाही. चिन्ह बदलतं का, ते तपासावंच लागतं.

भाचीला मी पहिल्यांदा १, ४, ९, १६ एवढंच पाठवलं आणि फरक दोनदा काढायला सांगितलं. दोन मिनिटांत उत्तर आलं : ‘मग वर्ग कुठे केला आपण?’