सातपूर ते सीबीएस, पण संध्याकाळी

मागच्या रविवारी अप्पांनी माळ्यावरून युनियनचा जुना बॅनर काढला. लाल कापड, घड्यांवर विटलेलं, डांबरगोळ्यांचा वास. पांढऱ्या ऑइलपेंटला भेगा गेलेल्या, 'कामगार'मधला शेवटचा 'र' तर निम्मा उडालाय. बांबू घालायची एक खोळ उसवली होती. आईने काही न बोलता सुईदोरा आणला आणि शिवायला बसली.

एक मेचा मोर्चा पुन्हा काढायचा, हे आमच्या घरात असं ठरलं.

पूर्वी तो नाशिकच्या सातपूरहून निघायचा. एबीबी सर्कल, मायको सर्कल (मायकोची बॉश होऊन जमाना झाला, सर्कल मात्र मायकोचंच राहिलं), त्र्यंबक नाका, सीबीएस (म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक) आणि शेवटी भालेकर मैदानात सभा. खरं सांगू? त्या सभांमधलं एकही भाषण मला आठवत नाही. आठवते ती नंतरची मिसळ. एकदा माझ्या हातून वर्गणीच्या पावतीपुस्तकावर रस्सा सांडला, तर खजिनदार काका म्हणाले, "असू दे, रंग आपलाच आहे."

२०२० साली मोर्चा थांबला. तेव्हा सगळंच थांबलं होतं. पुढे सगळं सुरू झालं, हा नाही झाला. गेल्या वर्षी ऑफिसच्या दारात झेंडावंदन, चौतीस माणसं, एक ग्रुप फोटो, साडेदहाला सगळे घरी.

"आताचा कामगार मोबाइलमध्ये गेला," असं आमचे ज्येष्ठ म्हणतात. मला हे पटत नाही. मी इथल्याच अंबड एमआयडीसीत ज्या लाइनवर आहे, तिथे आम्ही कायम अकरा आणि ठेकेदाराची पोरं सव्वीस. मशीन तेच, प्रॉडक्शनचा आकडा तोच, पगार निम्म्याहून कमी. एक मेची सुट्टी त्यांनाही असते, पण हजेरी लागत नाही. म्हणून त्या दिवशी कुणी केटरिंगला जातं, कुणी पार्सल पोचवतं. त्यातल्या एकाला मोर्चाचं विचारलं तर म्हणाला, "दादा, येतो. पण दुसऱ्या दिवशी गेटपास चालेल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण इतक्या वर्षांत आम्ही करार केले ते आमच्यापुरते. या पोरांच्या नावाची पावती कधी फाडलीच नाही. हे घरी बोललो तर अप्पा भडकले. "ते मेंबर नाहीत!" अहो, मेंबर कुणी करून घेतलं नाही म्हणूनच नाहीत ना! त्यांच्याशिवाय मोर्चा काढायचा तर ते मोर्चाचं वर्षश्राद्ध होईल.

आणि ही वेळ रुसून बसायची नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्यात. पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागायची, आता ही मर्यादा ३०० वर गेलीय. अंबड-सातपूरच्या छोट्या शेडमध्ये कुठून आणायचे ३०० कामगार? म्हणजे तिथल्या माणसाला ही ढाल पूर्वीही नव्हती, आता मधल्या कारखान्यांचीही गेली. हे भाषणात नाही, चहाच्या टपरीवर सांगायला हवं.

याच सीबीएसवरून ६ मार्च २०१८ ला शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला होता. सुरगाणा, पेठकडची माणसं, पायांना फोड, सहा दिवसांत मुंबई. आणि आम्हाला सातपूरहून सीबीएस लांब!

माझं म्हणणं साधं आहे. मोर्चा सकाळी अकराला नको, त्र्यंबक रोडचं डांबर तेव्हा चपलेला चिकटतं. संध्याकाळी सहाला काढा, म्हणजे केटरिंगवरून सुटलेलाही येईल. सुरुवात श्रमिकनगरच्या गल्ल्यांतून करा. ठेकेदारीतली पोरं मधोमध चालतील, कडेला आम्ही कायमवाले. कुणीही त्यांच्या तोंडावर कॅमेरा धरायचा नाही. स्टेजवर नेत्यांसाठी खुर्च्या नकोत. पहिलं भाषण हाउसकीपिंगच्या ताईंचं, पाच मिनिटं, त्यांना वाटेल ते.

अप्पांना खुर्च्यांचं पटलेलं नाही. स्टेजवरची त्यांची जागा ठरलेली असायची, त्यामुळे मी समजू शकतो. पण पोलीस परवानगीच्या अर्जावर पहिली सही त्यांनीच केली. जमावबंदीचा आदेश कधी लागू होईल सांगता येत नाही, म्हणून अर्ज आत्ताच देतोय.

शुक्रवारी संध्याकाळी सातला युनियन ऑफिसात बैठक आहे. मेंबर नसलात तरी या. आणि कुणाच्या ओळखीत हाताने अक्षरं काढणारा पेंटर असेल तर कळवा. 'र' रंगवायचाय, फ्लेक्स नकोय.