दोन घरचा पाहुणा उपाशी कसा ठेवायचा: करार करणाऱ्यांसाठी काही टिप्स

एका संस्थेकडे घरं आहेत, दुसरीकडे माणसांच्या मागे उभे राहणारे केसवर्कर आहेत, आणि दोघींनी मिळून बेघर माणसाला घरात टिकवायचंय. म्हणजे आता एमओयू, अर्थात सामंजस्य करार, करावा लागणार. घाबरू नका. गेल्या शुक्रवारी अशाच एका एमओयूने माझी संध्याकाळ आणि पुढचे दोन दिवस खाल्ले, त्यामुळे या विषयात माझा अधिकार आता वादातीत आहे. सोयीसाठी घर देणाऱ्यांना घरवाले म्हणू आणि आमच्यासारख्यांना सपोर्टवाले. घरवाले हा शब्द तसाही चपखल बसतो, भांडणं अगदी तशीच होतात.

सुरुवात फोटोने करा. करार नंतर वाचता येतो (येत नाही, पण तसं म्हणायची पद्धत आहे), फोटो मात्र त्याच दिवशी लागतो. सही करणारे दोघंही असे निवडा की ज्यांना आयुष्यात कधी भाडेकरूचा फोन येणार नाही.

मग भाषा. आकडा दिसला की खोडायचा, हा एकच नियम पाळा. कोणी उत्साही मुलगी मसुद्यात लिहील की "भाडं थकल्यापासून 3 दिवसांत घरवाले सपोर्टवाल्यांना फोन करतील आणि सपोर्टवाले 2 दिवसांत घरी जाऊन येतील". तिला प्रेमाने बाजूला घ्या आणि तिथे टाका, "उभय पक्ष परस्परांना वेळोवेळी अवगत करतील". तीन दिवस उलटले की कोणाला तरी पकडता येतं. वेळोवेळी कधी उलटतं ते अजून कोणी पाहिलेलं नाही. "आवश्यकतेनुसार", "यथावकाश", "शक्यतो" हेही हाताशी ठेवा.

दुरुस्ती कोणाकडे, कुलूप बदलायचं कोणी, भिंतीला भोक पडलं तर पैसे डिपॉझिटमधून की सपोर्टच्या फंडातून, याबद्दल एक अक्षर लिहू नका. प्रत्येक नळागणिक नवीन भांडण हवं, नाहीतर मीटिंगला विषय काय उरणार?

आढावा बैठक दर तीन महिन्यांनी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पुढे ढकला.

भाषणात हाउसिंग फर्स्ट हे शब्द आलेच पाहिजेत. 1992 साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने पाथवेज टू हाउसिंग ही संस्था सुरू केली, आधी घराची चावी आणि बाकी सगळं नंतर, व्यसन सोड मग घर मिळेल असली अट नाही. पुढे कॅनडाने 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत, दोन हजारांच्या आसपास लोक घेऊन तेच नीट तपासून पाहिलं. हे तुम्ही स्लाइडवर टाकालच, टाळ्याही मिळतील. फक्त पुढची स्लाइड दाखवू नका, कारण तिथे असं निघतं की तिकडे भाडेकरूकडून मागणं एवढंच होतं, उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत भाडं आणि आठवड्यातून एकदा टीमची भेट, आणि ज्यांची गरज जास्त त्यांच्यासाठी साधारण दहा माणसांमागे एक कर्मचारी. माझ्याकडे सदतीस माणसं आहेत. आठवड्याची भेट माझी माझ्या आईशीसुद्धा होत नाही.

त्याच मॉडेलमध्ये घर आणि सपोर्ट वेगळे ठेवायचे असतात. म्हणजे सपोर्ट नको म्हटलं म्हणून घर जात नाही, आणि घर गेलं तरी सपोर्टवाले सोडून जात नाहीत, पुढचं घर शोधायला लागतात. किती सुंदर कल्पना. तुम्ही याचा अर्थ असा घ्या की दोन ऑफिसांनी एकमेकांशी बोलायचं नसतं.

गोपनीयतेचं कलम तर दुधारी ठेवा. संमतीपत्रात काय सांगायचं, कोणाला, किती दिवसांसाठी, असले बारीक रकाने नकोत. म्हणजे एरवी घरवाल्यांच्या शिपायालाही माहीत असतं की खोली नंबर सहामधला कुठल्या गोळ्या घेतो, पण आम्ही "भाडं आलं का हो?" विचारलं की लगेच, सॉरी मॅडम, ते कॉन्फिडेन्शियल आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची टिप. संपर्क व्यक्ती. करारात पद लिहू नका, माणसाचं नाव लिहा, आणि असा माणूस निवडा जो लवकरच नोकरी सोडणार आहे. पर्यायी माणूस नको. सगळ्यांना उघडता येईल असा कॉमन ईमेल तर अजिबात नको. आमच्याकडून ज्यांचं नाव होतं ते आठ महिन्यांपूर्वी सोडून गेले, निरोप समारंभाला मी स्वतः हजर होते, छान बोलले. त्यांचा मेल मात्र कोणी बंद केला नाही, म्हणजे तो बाउन्सही होत नाही, आलेलं सगळं पोटात घेऊन गप्प बसतो. घरवाल्यांनी त्यावर तीन मेल टाकले. एका काकांचं भाडं दोन महिने थकलंय, कृपया लक्ष घालावे. उत्तर नाही. फोन उचलून विचारावं की बाबांनो जिवंत आहात का, तर ते नाही, कारण करारात "लेखी" कळवायचं लिहिलंय आणि लेखी कळवून झालंय, तीनदा झालंय, फाइलला पुरावा आहे. चौथ्यांदा थेट घर खाली करायची नोटीस, दाराच्या फटीतून आत सरकवलेली.

भाडं का थकलं? बँकेने खात्याची कागदपत्रं परत मागितली, ती वेळेत गेली नाहीत, खातं अडकलं. दहा मिनिटांचं काम होतं हो. माझ्याबरोबर एक फेरी, एक फॉर्म, संपलं असतं. पण मला कळायला तर पाहिजे, आणि गेल्या दोन महिन्यांत माझी त्यांच्याकडे एकही फेरी झाली नव्हती, तेही लिहूनच टाकते, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकते.

काका अकरा वर्षं बाहेर काढून आलेले. चावी गळ्यात, काळ्या दोऱ्यात, शर्टाच्या आत. पहिले काही महिने ते रात्री उठून कुलूप ओढून बघायचे, लागलंय का. शुक्रवारी साडेपाचला ते ऑफिसात आले, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गेल्या दीड वर्षात दारातून आलेला प्रत्येक कागद, जाहिरातींसकट, घडी घालून. नोटीस सगळ्यात खाली. वाचता येत नाही फारसं, पण त्यावरचा शिक्का त्यांनी बरोबर ओळखला होता. बसलेही नाहीत. दोरा डोक्यावरून काढला, चावी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मॅडम, ही तुमच्याकडे द्यायची की त्यांच्याकडे?"

मी म्हटलं काका, आधी ती गळ्यात घाला.

मग मी फोन करायला बसले. घरवाले म्हणाले ते सपोर्टचं मॅटर आहे, तुमच्याकडून रिस्पॉन्स नाही. माझे साहेब म्हणाले ते टेनन्सीचं मॅटर आहे, आपण मध्ये पडायचं नसतं. करार काढला. वादविवादाचं कलम म्हणतं "उभय पक्ष सामंजस्याने तोडगा काढतील", वर कोणाकडे जायचं, किती दिवसांत, तोवर नोटीस थांबणार की नाही, काही नाही. म्हटलं संपर्काची यादी तरी असेल. परिशिष्ट ब. उघडलं. अख्ख्या कोऱ्या पानावर एकच ओळ, "लवकरच जोडण्यात येईल". सहीची तारीख दोन वर्षांपूर्वीची.

इथे मला खरं तर अजून दोन गमतीदार टिप्स द्यायच्या होत्या, करार संपल्यावर भाडेकरूंचं काय करायचं वगैरे. राहू दे. मूड गेला.

लाज वाटत नाही का हो? दोन वर्षं! एका पानावर दोन नावं आणि दोन नंबर लिहायला दोन वर्षं पुरली नाहीत? फोटो त्याच दिवशी छापून आला होता, तो अजून रिसेप्शनला टांगलाय, फ्रेम करून. घरवाल्यांनो, तुम्हाला भाडं पाहिजे की फाइलला पुरावा? तीन मेल टाकताना एकालाही वाटलं नाही की एक फोन फिरवावा, किंवा सरळ दार वाजवून त्या माणसाला विचारावं? आणि आमच्या ऑफिसातल्या तुम्ही सगळे, नाकाने कांदे सोलू नका, माणूस गेल्यावर त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी पळवता, त्याचा मेल कोण बघणार हे आठ महिन्यांत एकाने विचारलं नाही. मीही नाही. केसवर्कर कमी आहेत, मान्य, बजेट नाही, मान्य, पण कोरं परिशिष्ट भरायला कुठलं बजेट लागतं? वर पुढच्या महिन्यात कराराच्या नूतनीकरणाचा कार्यक्रम आहे म्हणे. आधी ते पान भरा, मग काय ते हारतुरे करा.

नोटीस थांबलीय. तोंडी. सोमवारी काकांबरोबर बँकेत गेले, आमची पाळी आल्यावर खरंच दहा मिनिटं लागली. पण थांबवल्याचं पत्र अजून निघालेलं नाही, कारण त्यावर सही कोणी करायची हे करारात नाही, आणि त्याबद्दल दोन्ही ऑफिसांचे मेल चालू आहेत, मला सीसीत ठेवून. काल गेले तेव्हा काकांची पिशवी दाराशी तयार होती, वर घडी केलेलं पांघरूण. मी म्हटलं काका, हे आत ठेवा. ते म्हणाले, "कागद येऊ द्या, मग ठेवतो."