कागलच्या पुढे बाजार संपत नाही

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटला की एसटी बंद पडते, पण सीमाभागातल्या व्यापारावर त्याचा परिणाम किरकोळ असतो, असं एका लेखात वाचलं. हे मला अजिबात पटत नाही. आमच्या कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमधलं, म्हणजे चपलांच्या बाजारातलं, कोल्हापुरी पायताण बघा. त्यातला बराच माल कर्नाटकातल्या अथणी, निपाणीकडच्या कारागिरांच्या हातचा असतो. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन (माल अमुक भागातलाच, अशी सरकारी ओळख) मिळालं तेही दोन्ही राज्यांना मिळून: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे सरकारी कागदसुद्धा हा धंदा एकच मानतो!

२०१७ ला जीएसटी आला आणि सीमेवरच्या कर-तपासणी नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा गेल्या, ते चांगलंच झालं. पण २०२१ मध्ये कागलच्या पुढे, कर्नाटक हद्दीतल्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीशिवाय सोडत नव्हते, तेव्हा आमच्या दुकानातलं निपाणी-संकेश्वरचं गिऱ्हाईक तुटलं. लग्नसराईचा बस्ता बांधायला येणारी ती माणसं. त्यातली काही घरं परत आलीच नाहीत.

मोठ्या व्यापाऱ्याचा ट्रक कसाही पोचतो हो. एसटीनं पिशवी घेऊन येणाऱ्या बाईचं काय? सीमावाद सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे. गाड्या मात्र एक दिवसही अडवू नका.