गिधाडं कशाने मेली, हे वीस वर्षांपूर्वीच कळलंय

‘गिधाडे नाहीशी होण्यामागचे लपवलेले सत्य’ अशा मथळ्याचा एक मेसेज काही महिन्यांपासून फिरतोय. दोन-तीनदा माझ्यापर्यंत आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. आता तो माझ्या मामांनीच घरच्या ग्रुपवर टाकलाय, वर स्वतःची ओळ जोडून: ‘डॉक्टर उगाच महागडं औषध लिहून देतात, सावध राहा.’ मामांचा दुधाचा धंदा आहे, गोठ्यात म्हशी आहेत, आणि कोणत्या म्हशीला कोणतं इंजेक्शन द्यायचं हे ते ठरवतात. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजमध्ये चार दावे आहेत. गिधाडं मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे मेली. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा बाऊ परदेशी कंपन्यांनी आपलं महाग औषध खपवायला केला. जे औषध माणूस घेतो त्याने पक्षी कसा मरेल? तिसरा, मेलेली जनावरं मिळेनाशी झाली म्हणून गिधाडं उपाशी मेली. आणि चौथा, असला घाणेरडा पक्षी गेला तर बिघडलं काय, कुत्री आहेतच की.

टॉवरचं आधी उरकतो. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्यात. खेडोपाडी टॉवर पोचायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षितज्ज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८५-८६ मध्ये गिधाडांच्या नोंदी घेतल्या होत्या. त्यांनीच १९९६-९७ मध्ये पुन्हा मोजणी केली तेव्हा गिधाडं कोसळलेली होती. म्हणजे टॉवर यायच्या आधीच पक्षी मरायला लागले होते. आज नेपाळमध्ये मोबाइल सगळीकडे आहे आणि तिथे पांढऱ्या पाठीची गिधाडं पुन्हा वाढताना दिसतायत, कारण तिथे जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं. आणि मान वर करून जरा बघा: शहरातल्या घारी टॉवरवरच घरटी बांधतात. लहरींनी मोठे पक्षी मरत असते तर पहिली घार गेली असती.

आता दुसरा दावा. याने खरोखर नुकसान होतंय, म्हणून इथे थांबून बोलतो.

२००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. काम पाकिस्तानातल्या पंजाबात झालं होतं. तिथे पांढऱ्या पाठीची गिधाडं झाडाखाली मरून पडत होती. शवविच्छेदन केलं तर बहुतेकांच्या हृदयावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर. तो युरिक आम्लाचा. मूत्रपिंडं बंद पडली की पक्ष्याच्या शरीराला ते बाहेर टाकता येत नाही, मग ते आतल्या अवयवांवर साचतं. का बंद पडली? विषाणू शोधले, कीटकनाशकं शोधली, जड धातू शोधले, कशातच उत्तर सापडेना. मग या लोकांनी साधा प्रश्न विचारला: गिधाडं खातात काय? मेलेली गुरं. त्या गुरांना मरायच्या आधी काय दिलं होतं? पशुवैद्य आणि औषध दुकानदारांकडे चौकशी केली तेव्हा डायक्लोफेनॅक पुढे आलं.

पुढचं मामा, नीट वाचा. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या ज्या २५ गिधाडांची तपासणी झाली, त्या पंचवीसच्या पंचवीस गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ जणांत एकातही नाही. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जखमी, पुन्हा रानात सोडता न येणाऱ्या गिधाडांना औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊ घातलं, तर त्यांतलीही बरीच तशीच मेली, आत तोच पांढरा थर. कारण आणि परिणाम याहून स्पष्ट कसं दाखवायचं, मला कळत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हा निबंध खोडून दाखवावा, मग लहरींचं बोलावं.

‘माणसाला चालतं ते पक्ष्याला का चालणार नाही’ हे ऐकायला पटतं, पण मांजर पाळणाऱ्या कुणालाही विचारा. आपण तापाला घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. प्रत्येक प्राण्याचं शरीर औषध वेगळ्या तऱ्हेने पचवतं. जे डायक्लोफेनॅक म्हशीची सूज उतरवतं, त्याचा अगदी थोडा अंश गिधाडाला पुरेसा होतो.

मग शेतकऱ्याचा हमखास प्रश्न: माझ्या एका म्हशीने काय होतंय? याचंही गणित मांडलेलं आहे. गिधाडं एकटी जेवत नाहीत, एका मढ्यावर डझनांनी उतरतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू मोठं होऊन स्वतः वीण करायला साधारण पाच वर्षं लागतात. त्यामुळे शंभरातल्या एकाहून कमी मढ्यांत जरी हे औषध असलं, तरी सगळी संख्या कोसळायला ते पुरतं. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची जवळपास ९७ टक्क्यांनी.

आता राहिला परदेशी कंपन्यांचा कट. डायक्लोफेनॅक मुळात स्विस कंपनीने शोधलेलं. त्याऐवजी सुचवलेलं मेलॉक्सिकॅम जर्मन कंपनीचं. दोन्हींचं पेटंट कधीच संपलंय, दोन्ही आज भारतातल्या कारखान्यांत बनतात. मेलॉक्सिकॅम सुरुवातीला महाग पडायचं, हे खरं. पण पैसा कुणाचा अडकला होता ते बंदीच्या इतिहासातच दिसतं. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद करायचा आदेश दिला, २००८ मध्ये अधिसूचना निघाली. तरी गोठ्यांत ते सुरूच राहिलं, कारण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या बाजारात होत्या. ३० मिलीची एक बाटली माणसाला एका वेळी कशाला लागते? ती म्हशीलाच लागते. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीची, एका डोसाची केली. त्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात कोण गेलं? डायक्लोफेनॅक बनवणारे. २०१७ मध्ये न्यायालयाने मोठ्या बाटल्यांवरची बंदी कायम ठेवली.

बंदी घालून प्रश्न संपला असंही नाही. असेक्लोफेनॅक नावाचं दुसरं औषध गुरांना दिलं जात होतं. ते गाई-म्हशींच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं! नाव वेगळं, विष तेच. ते, आणि गिधाडांना तसंच घातक असलेलं किटोप्रोफेन, २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झालं, त्यानंतर निमेसुलाइडही. मधली इतकी वर्षं गेली, आणि त्या वर्षांत ‘टॉवरमुळे मेली’ हे ऐकून कितीजणांनी औषधाच्या पेटीकडे पाहिलंच नसेल. मला या मेसेजची चीड येते ती यासाठी.

उपासमारीच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. कोकणात गुरं कमी झाली, मेलेलं जनावर पुरण्याची पद्धत वाढली, उंच जुनी झाडं तुटली. म्हणूनच रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला महाडच्या सीस्केप संस्थेला गिधाडांसाठी मढी आणून ठेवावी लागली. पण वाचलेल्या मूठभर पक्ष्यांना जगवण्याची ती धडपड होती. देशभरातली कोट्यवधी गिधाडं भुकेने गेली असं म्हणायचं, तर मग त्याच वर्षांत गावाबाहेरच्या मढ्यांवर भटकी कुत्री इतकी वाढली ती कशावर? अन्न तिथेच पडलेलं होतं. खाणारा मेला होता.

आणि ही कुत्रीच चौथ्या दाव्याचं उत्तर आहेत. गिधाडांचा थवा एक मोठं जनावर तासाभरात साफ करतो, आणि त्याच्या पोटातलं तीव्र आम्ल भलेभले जंतू मारून टाकतं. कुत्र्याला यातलं काही जमत नाही. अर्धवट खाल्लेलं मढं सडत राहतं, ओढ्यात जातं, आणि कुत्र्यांबरोबर रेबीज येतो. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये याचा हिशोब मांडला. जिथे आधी भरपूर गिधाडं होती अशा जिल्ह्यांत, ती गेल्यावर माणसांचे मृत्यू चार टक्क्यांहून जास्त वाढले. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे. अंदाजच आहे, पण तो निम्मा धरला तरी ‘बिघडलं काय’ असं विचारायची हिंमत होऊ नये.

मामा, तुम्ही ज्या डॉक्टरांवर संशय घेताय ते बरोबर औषध लिहून देतायत. पुढच्या वेळी म्हशीचे सांधे धरले किंवा कास सुजून दगडी झाली, की मेलॉक्सिकॅमच घ्या. टॉल्फेनामिक अ‍ॅसिडही गिधाडांना सुरक्षित ठरलंय. बाटलीवरचं ठळक ब्रँडचं नाव बघू नका, त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाचा. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइड, यातलं काही दिसलं तर तिथल्या तिथे परत करा. आणि गोठ्यात जुनी बाटली उरली असेल, ती दिलेलं जनावर दगावलं, तर ते माळावर टाकू नका. खोल खड्डा घेऊन पुरा.